दर तीन वर्षांनी नवं गाव : रेव्हरंड जॉर्ज मॅक्डोनल्ड यांचं घर

प्रश्न असा आला आहे : रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आईचे वडील इंग्लंडमध्ये मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाळक होते. त्यांचं आयुष्य कसं होतं? एका साध्या पाळकाच्या चार मुली इतक्या मोठ्या घरांत कशा गेल्या? आणि अशा पाळकाच्या कुटुंबाचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

चर्चच्या जुन्या नोंदवह्यांवरून घराण्यांचा इतिहास लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हे घराणं माझ्या फार आवडीचं आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

या कुटुंबाबद्दल लिहिणारे बहुतेक जण जावई आणि नातवंडांपासून सुरुवात करतात : एक जावई चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, दुसरा रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झालेला एडवर्ड पॉइंटर, एक नातू नोबेल मिळवणारा रुडयार्ड, दुसरा तीन वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला स्टॅन्ली बाल्डविन. मग मागे वळून आजोबांकडे दोन ओळींत पाहिलं जातं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या घरात जे घडलं त्याचं मूळ आजोबांच्या नोकरीच्या एका नियमात आहे, आणि तो नियम म्हणजे दर तीन वर्षांनी बदली.

जॉर्ज ब्राउन मॅक्डोनल्ड यांचा जन्म १८०५ साली मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. त्यांचे वडील जेम्स मॅक्डोनल्ड हे मूळचे आयर्लंडचे आणि पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली हयात असतानाच त्यांच्या फिरत्या प्रचारकांत दाखल झालेले. वेस्ली वारले १७९१ मध्ये, म्हणजे जेम्स अगदी पहिल्या पिढ्यांतले. जॉर्ज त्याच मार्गाने गेले आणि पुढे जॉर्ज यांचा मुलगा फ्रेडरिकही. बाप, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या एकाच पंथात एकाच कामावर.

वेस्लियन मेथॉडिस्टांची रचना समजून घेतल्याशिवाय या माणसाचं आयुष्य कळत नाही. गावागावांतल्या मंडळ्यांचा मिळून एक गट असे, त्याला सर्किट म्हणत. सर्किटवर एक, दोन किंवा अधिक मिनिस्टर, म्हणजे पाळक, नेमलेले असत, आणि त्यांतला ज्येष्ठ तो सुपरिंटेंडेंट. दरवर्षी उन्हाळ्यात कॉन्फरन्स, म्हणजे पंथाची मोठी सभा, भरायची आणि कोण कुठे जाणार हे तिथे ठरायचं. वेस्लींनी १७८४ मध्येच कायदेशीर दस्तऐवज करून ठेवला होता, त्यानुसार एका ठिकाणी सलग तीन वर्षांपेक्षा जास्त काळ कोणाला नेमता येत नसे. उन्हाळा सरता सरता देशभरातले मिनिस्टर बायकामुलांसह सामान बांधून नव्या गावी निघायचे. राहायला घर सर्किटचं, आणि त्या घरातलं फर्निचरही बहुधा सर्किटचंच. मिनिस्टरचं स्वतःचं म्हणून काय, तर कपडे, थोडी भांडीकुंडी आणि पुस्तकं.

जॉर्ज यांच्या बाबतीत पुस्तकांचं ओझं मोठं होतं. ते खरे वाचणारे होते. मुलं काय वाचतात यावर त्यांचा फारसा पहारा नव्हता. नाटकाला जाणं, नाच यांना त्या काळच्या मेथॉडिस्ट घरात जागा नव्हती, पण पुस्तकाला होती. गाव बदलायचं, शेजार बदलायचा, मैत्रिणी मागे राहायच्या. कपाटातली पुस्तकं आणि भावंडं मात्र तीच राहायची. या मुली एकमेकींना आयुष्यभर इतक्या घट्ट धरून का राहिल्या, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

आता आईकडे येते, कारण या घराचा भार तिच्यावर होता. जॉर्ज यांची पहिली पत्नी लवकर वारली. १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या मुलीशी, हॅना जोन्सशी लग्न केलं. हॅनाला अकरा मुलं झाली. त्यांतली तीन अगदी लहानपणीच गेली. कॅरोलाइन नावाची मुलगी क्षयाने किशोरवयात गेली, १८५४ मध्ये, घर लंडनला आल्याच्या दुसऱ्याच वर्षी. मोठी झाली ती सात : हॅरी, अ‍ॅलिस, जॉर्जियाना, फ्रेडरिक, अ‍ॅग्नेस, लुइसा आणि ईडिथ.

बाळंतपणं आणि बदल्या शेजारी शेजारी मांडल्या की हॅनाचं आयुष्य डोळ्यांपुढे येतं. अ‍ॅलिस जन्मली १८३७ मध्ये शेफिल्डला. जॉर्जियाना १८४० मध्ये बर्मिंगहॅमला. फ्रेडरिक १८४२ मध्ये आणि अ‍ॅग्नेस १८४३ मध्ये, दोघं लीड्सला. लुइसा १८४५ मध्ये वेकफिल्डला. आठ वर्षांत चार गावं. प्रत्येक गावात नवी चूल, नवी दाई, नवा डॉक्टर आणि नव्या मंडळीतल्या बायकांच्या नजरा. नवरा आठवड्यातले कितीतरी दिवस सर्किटवर. रविवारी दोन-तीन ठिकाणी प्रवचनं, आठवड्यात वर्गसभा म्हणजे सभासदांच्या छोट्या गटांच्या बैठका, आजाऱ्यांच्या भेटी, तिमाही सभा. वडील घरात असले की आपल्या अभ्यासिकेत असत. त्यामुळे मुलांना माणसांशी बोलावं कसं, थोड्या पैशात घर कसं चालवावं, दुःख कसं गिळावं, हे सारं आईकडून मिळालं. हॅनाची प्रकृती नाजूक, पण जीभ तल्लख होती. ती जीभ अ‍ॅलिसकडे पुरेपूर आली आणि अ‍ॅलिसकडून रुडयार्डकडे.

पैशाबद्दल एक खुलासा करते, कारण ‘गरीब पाळक’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरला जातो. वेस्लियन मिनिस्टर गरीब नसे, पण शिल्लक टाकण्याइतका पैसाही त्याच्याकडे नसे. घर, ठरलेली रक्कम आणि मुलांसाठी वेगळ्या निधीतून भत्ता मिळे. मिनिस्टरांच्या मुलग्यांसाठी ब्रिस्टलजवळची किंग्जवुड आणि यॉर्कशरमधली वुडहाउस ग्रोव्ह अशा पंथाच्या शाळा होत्या. मुलींच्या शिक्षणाची व्यवस्था त्या मानाने तोकडी. म्हणजे दर्जा सुशिक्षित मध्यमवर्गाचा, पण मालमत्ता शून्य. नवरा गेला तर बायकोला राहायला घरही नाही, कारण ते सर्किटचं. ही टांगती तलवार हॅनासारख्या प्रत्येकीच्या डोक्यावर होती.

१८५० मध्ये बदली पुन्हा बर्मिंगहॅमला आली आणि इथे या कुटुंबाचं नशीब वळलं. थोरला हॅरी किंग एडवर्ड्स शाळेत जाऊ लागला. तिथे त्याची एडवर्ड जोन्स नावाच्या मुलाशी मैत्री झाली. तोच पुढे बर्न-जोन्स झाला. चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या, बेताच्या परिस्थितीतल्या माणसाचा हा मुलगा, आई जन्मतःच गेलेली. मॅक्डोनल्डांच्या गजबजलेल्या घरात त्याला पोरींची हसरी, वाचलेल्या पुस्तकांवर वाद घालणारी टोळी भेटली. पुढे तो ऑक्सफर्डला गेला, तिथे पुढे कवी आणि नक्षीकार म्हणून नावाजलेला विल्यम मॉरिस त्याला भेटला. मॅक्डोनल्ड कुटुंब १८५३ मध्ये लंडनला आलं तेव्हा ही ओळख तिथेही टिकली. १८५६ च्या जूनमध्ये त्याने जॉर्जियानाला मागणी घातली. तिला सोळावं पुरं व्हायचं होतं. त्याच्याकडे पदवी नव्हती, उत्पन्न नव्हतं, फक्त चित्रकार व्हायचा निश्चय होता. आईवडिलांनी आडकाठी केली नाही. चार वर्षं वाट पाहून १८६० च्या ९ जूनला मँचेस्टरला त्यांचं लग्न झालं. तोवर वडिलांची बदली मँचेस्टरला झाली होती.

‘मोठ्या घरांत कशा गेल्या’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्या मोठ्या घरांत गेल्याच नाहीत. बर्न-जोन्सला बॅरोनेट हा किताब मिळाला १८९४ मध्ये, लग्नानंतर ३४ वर्षांनी. पॉइंटर रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झाला १८९६ मध्ये, लग्नानंतर ३० वर्षांनी. रुडयार्डचा बाप लॉकवुड किपलिंग लग्नाच्या वेळी मातीकाम आणि शिल्पकाम करणारा, नोकरीच्या शोधात मुंबईपर्यंत जायला तयार झालेला तरुण होता. लग्नाच्या वेळी सधन म्हणता येईल असा एकच जावई होता, लोखंडाच्या कारखान्याचा मालक आल्फ्रेड बाल्डविन. या मुलींनी नाव नसलेल्या पण कर्तबगार माणसांना ओळखलं, आणि आईवडिलांनी पैसा न पाहता माणूस पाहिला. मला या कुटुंबाची सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. दर तीन वर्षांनी नव्या लोकांत उभं राहायची सवय झालेल्या मुलींना माणसं पारखता येत होती.

अ‍ॅलिसची कथा आपल्याला जवळची. तिचा धाकटा भाऊ फ्रेडरिक वेस्लियन मिनिस्टर झाला आणि स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी नेमला गेला. तिथे त्याची लॉकवुड किपलिंगशी ओळख होती. १८६३ मध्ये जवळच्या रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी वनभोजन झालं, तिथे अ‍ॅलिस आणि लॉकवुड भेटले. मुलाचं नाव त्या तलावावरून आलं. लॉकवुडचे वडील रेव्हरंड जोसेफ किपलिंग हेही मेथॉडिस्ट मिनिस्टर, आणि लॉकवुड स्वतः वुडहाउस ग्रोव्हमध्ये शिकलेला. म्हणजे दोघांचं बालपण एकाच साच्यातलं : वडील सर्किटवर, घर दुसऱ्याचं, सामान सदा बांधलेलं. १८ मार्च १८६५ ला केन्सिंग्टनच्या सेंट मेरी अ‍ॅबट्स चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं, आणि लगेच ती दोघं मुंबईला निघाली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉकवुडची नेमणूक झाली होती. ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईत रुडयार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दर्शनी भागावरची शेतकऱ्या-बाजारकऱ्यांची कोरीव शिल्पं लॉकवुडची आहेत. रोज हजारो लोक त्यांच्याखालून भाजी-फळं घेऊन जातात. एका मेथॉडिस्ट पाळकाच्या मुलाचं आणि दुसऱ्याच्या जावयाचं हे काम आहे, हे मुंबईकरांनी एकदा मान वर करून पाहावं असं मनापासून वाटतं.

धर्माच्या बाबतीत मुली वडिलांच्या वाटेवर राहिल्या नाहीत. चारही लग्नं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत राजमान्य, चर्चमध्ये झाली. घरात जपून ठेवलेली जॉन वेस्लींच्या केसांची बट अ‍ॅलिसने थट्टेचं एक वाक्य टाकून शेकोटीत फेकली, असं सांगतात. हे वाचून लोक तिला नास्तिक ठरवतात, मला ते घाईचं वाटतं. ज्या पंथाने वडिलांना घरापासून दूर ठेवलं आणि आईला पेट्या बांधायला लावलं, त्याच्याबद्दल पोटच्या मुलीला राग असणार. पण पंथाची शिस्त सुटली तरी वाणी सुटली नाही. शब्द मोजून वापरणं, बायबलची भाषा ओठांवर असणं, वाटलं ते उघड बोलणं, हे पुढच्या पिढीतही दिसतं. जॉर्जियानाचंच पाहा. १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध संपल्याचा आनंद सगळीकडे चालू असताना तिने रॉटिंगडीनच्या आपल्या घरावर काळं कापड लावलं आणि त्यावर ‘आम्ही जीव घेतला आणि मालमत्ताही बळकावली’ अशा अर्थाचं बायबलच्या धाटणीचं वाक्य लिहिलं. गावकरी चिडले. त्या युद्धाचा कट्टर समर्थक असलेला तिचा भाचा रुडयार्ड तेव्हा तिथेच राहत होता. मावशीच्या त्या कापडात मला तिचे प्रवचनकार वडील दिसतात.

शेवटची वर्षं थोडक्यात. १८६२ पासून कुटुंब वुल्व्हरहॅम्प्टनला होतं. ९ ऑगस्ट १८६६ ला तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये अ‍ॅग्नेस आणि लुइसा यांची लग्नं एकाच दिवशी झाली, अनुक्रमे पॉइंटर आणि बाल्डविन यांच्याशी. जॉर्ज यांची तब्येत ढासळली होती. लुइसा ब्यूडली या गावी राहत होती, तिच्या आधाराने आईवडीलही तिथे आले. १८६८ मध्ये अ‍ॅलिस दुसऱ्या बाळंतपणासाठी मुंबईहून आली, तेव्हा अडीच वर्षांच्या रुडयार्डला काही काळ ब्यूडलीला आजोळी ठेवलं होतं. मुंबईत आया-नोकरांच्या लाडात वाढलेल्या त्या मुलाने आजारी आजोबांच्या शांत घरात जो दंगा केला, त्याची नोंद घरच्यांच्या लिखाणात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्ज वारले. पुढे १८७१ मध्ये अ‍ॅलिसने मुलांना नातेवाइकांकडे न ठेवता इंग्लंडमधल्या साउथसी या गावी परक्या घरी ठेवलं. त्यामागे ब्यूडलीची ती आठवण असावी असं माझं मत आहे. हॅना १८७५ पर्यंत जगली.

मुलग्यांपैकी हॅरी ऑक्सफर्डहून पदवी न घेताच बाहेर पडला, अमेरिकेला गेला आणि १८९१ मध्ये तिकडेच वारला. फ्रेडरिक वडिलांच्या कामात राहिला आणि १८९९ मध्ये वेस्लियन कॉन्फरन्सचा अध्यक्ष झाला. पंथाच्या दृष्टीने या घरातला सर्वांत मोठा माणूस तोच, पण आज त्याचं नाव कोणी घेत नाही. ईडिथने लग्न केलं नाही. आईची सेवा केली, नंतर लुइसाकडे राहिली, आणि घराण्याच्या आठवणी लिहून ठेवल्या.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत मुलगी एका ओळीत संपते : नाव, सासरचं नाव, गाव. मॅक्डोनल्डांचा वृत्तांत त्या पद्धतीने लिहिला असता तर हे सगळं घराणं आपल्या हातून निसटलं असतं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते की लेकींच्या ओळी आधी उघडा.

आता माग कसा काढायचा ते सांगते. पाळकाच्या घराण्यात गावावरून शोध घेऊ नका, कारण त्याला गावच नसतं. आधी त्याच्या नेमणुकांची यादी करा. वेस्लियन कॉन्फरन्सची छापील इतिवृत्तं दरवर्षीची आहेत, त्यांत कोण कोणत्या सर्किटवर हे असतं, आणि त्या वर्षी वारलेल्या मिनिस्टरांवर छोटे मृत्युलेखही असतात. ती यादी हाताशी आली की मुलं कुठे जन्मली असतील हे जवळजवळ आपोआप कळतं. त्यानंतर १८५१ ची जनगणना पाहा. १८४१ च्या जनगणनेत माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही, एवढंच विचारलं होतं. १८५१ पासून जन्मगाव लिहिलं जाऊ लागलं. मिनिस्टरच्या घरातल्या मुलांची जन्मगावं वरून खाली वाचली की बापाच्या बदल्यांचा रस्ता समोर येतो.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली. अ‍ॅलिसचा जन्म ४ एप्रिल १८३७ चा, तर लॉकवुडचा ६ जुलै १८३७ चा. नवऱ्याचा जन्म सरकारी नोंदीच्या काळातला, बायकोचा मात्र तीन महिने आधीचा. म्हणून अ‍ॅलिससाठी सरकारी जन्मदाखला शोधत बसू नये, बाप्तिस्म्याच्या नोंदीकडे जावं. मेथॉडिस्ट मंडळ्यांच्या जुन्या वह्यांपैकी पुष्कळशा तेव्हा सरकारकडे जमा झाल्या, त्या आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लग्नाचं उलटं. १८३७ पूर्वी मेथॉडिस्टांनाही अँग्लिकन चर्चमध्येच कायदेशीर लग्न करावं लागे, त्यामुळे जॉर्ज-हॅनासारख्यांची लग्नं पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक अँग्लिकन चर्चच्या, वहीत शोधायची. तिथे नाव सापडलं म्हणून कुटुंब अँग्लिकन ठरत नाही.

मुंबईत शोधणाऱ्यांची एक गफलत नेहमी होते. मेथॉडिस्ट कुटुंब म्हणून ते मुंबईच्या मेथॉडिस्ट चर्चच्या वह्या चाळतात. इथलं मेथॉडिस्ट काम अमेरिकन शाखेच्या विल्यम टेलर यांनी १८७१ मध्ये सुरू केलं. रुडयार्ड त्याआधी सहा वर्षं जन्मलेला, आणि त्याचा बाप्तिस्मा फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये झाला. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

आणखी एक सापळा नावाचा. स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅक्डोनाल्ड हेही काही काळ पाळक होते, पण काँग्रिगेशनल या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांनाही अकरा मुलं, आणि त्यांच्या पत्नीचं नाव लुइसा. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत ही दोन घरं एकमेकांत मिसळलेली दिसतात. जन्मसाल पाहिलं की गोंधळ मिटतो : लेखकाचं १८२४, आपल्या पाळकाचं १८०५.

बाल्डविनकडचा धागाही जरूर उलगडा. आल्फ्रेडची आई जेकब स्टॅन्ली या मेथॉडिस्ट मिनिस्टरची मुलगी होती, आणि पंतप्रधानांचं ‘स्टॅन्ली’ हे नाव त्या घराण्यावरून आलं. म्हणजे किपलिंग आणि बाल्डविन या दोन्ही मावसभावांच्या आईच्या आणि बापाच्या अशा दोन्ही बाजूंना मेथॉडिस्ट मिनिस्टर आहेत. मिनिस्टरांची कुटुंबं एकमेकांना कॉन्फरन्समधून, बदल्यांतून, पंथाच्या शाळांतून ओळखत असत आणि सोयरिकीही त्यांतून जुळत. तुम्ही ज्या पाळकाचा शोध घेताय, त्याच्या सर्किटवर त्याच वर्षी दुसरा मिनिस्टर कोण होता ते इतिवृत्तात पाहून ठेवा. पुढच्या पिढीतल्या लग्नात ते आडनाव पुन्हा भेटण्याची चांगलीच शक्यता असते.